परदेशी निघालेल्या कटरची ओटी

लोककथा कुठे जन्मते, असे मला सभांतून विचारले जाते. तेव्हा मी पार, जाते, मोट यांची नावे घेतो. कारण श्रोत्यांना तेच उत्तर हवे असते. पण तुम्ही घरचे आहात, म्हणून खरे सांगतो. जिथे काम एकाचे असते आणि सही दुसऱ्याची, तिथे किस्से साचतात! यंत्राच्या चेनीत चिखल साचतो तसे. कुणी मुद्दाम भरत नाही आणि काढायला बसले की संपत नाही.

असा सर्वांत दाट साठा मला आदिलाबादकडे, गुडीहत्नूरजवळ सापडला, हमरस्त्याला लागून असलेल्या माझ्या भाच्याच्या यार्डात. बेल्लमपल्लीकडच्या कोळसाखाणींत परदेशातून भाड्याने यंत्रे येतात. करार संपला की ती मायदेशी परत जातात. मधल्या टप्प्यात माझा भाचा माधव ती धुऊन घेतो, बांधून घेतो, ट्रेलरवर चढवतो आणि बंदराकडे रवाना करतो. पुढे जहाज.

निवृत्तीनंतर एके दिवशी माधव म्हणाला, "मामा, तुमी रिकामेच हाय ना? इंग्रजी पत्रं तेवढी पाहत जा." चाळीस वर्षे स्त्रीगीते गोळा करणाऱ्या माणसाला आपल्या समाजात 'रिकामा' म्हणतात, हे मी नोंदवून घेतले आणि गेलो.

खाली सांगतो ते सारे किस्से एकाच यंत्राचे आहेत. जमिनीखाली कोळसा कापणारे, पन्नास टनांचे, ऑस्ट्रेलियातून आलेले यंत्र. यार्डात त्याला 'कटर' म्हणत. ते धुण्याचे काम सहा बायकांकडे होते. त्यांची मुकादम कलाबाई. घरची वांग्या-मिरच्यांची बाग सांभाळून हे काम करणारी. तिची थोरली जाऊ सखूबाई त्याच टोळीत, अंगाने इतकी बारीक की यंत्राच्या कुठल्याही फटीत शिरावी.

कटर धाडण्याआधी परदेशी कंपनीचे पत्र आले. यंत्र निर्मळ पोचले, तर मागून येणारी यंत्रेही याच यार्डात, याच बायकांकडून धुतली जातील. तपासणीत काही सापडले, तर धुण्याचे काम हैदराबादच्या एका एजन्सीकडे जाईल. सहा घरांचे काम त्या एका कटरवर अवलंबून होते, आणि ते सहाही जणींना ठाऊक होते.

* * *

पत्रासोबत निषिद्ध वस्तूंची यादी होती. तिचे भाषांतर करून मी फळ्यावर लिहिले: माती, बी, धान्य, पान, गवताची काडी, पीस, कीटक. कीटक मेलेला असला तरी.

कलाबाईने यादी ऐकली आणि कमरेवर हात ठेवले. "आमच्या मातीले काय खरूज झाली काय, सर?"

मी अभ्यासकाला शोभेल अशा तटस्थपणे समजावले. तो देश चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला. तिथे नसलेली कीड एकदा शिरली तर पिकेच्या पिके जातात. म्हणून ही खबरदारी.

"म्हंजे ते आपल्या वावराले जपून राह्यले," ती म्हणाली. "बराबर हाय. आपन नसतं जपलं?" मग तिने विचारले, "पन मंग त्यायनं आमच्या वावराले काऊन नाई जपलं?"

तिला काय म्हणायचे होते, ते मला माहीत होते.

* * *

हेच कटर तीन वर्षांपूर्वी आले, तेव्हा त्याच्या चेनीत तिकडची लाल माती घट्ट बसलेली होती. तेव्हा ना यादी, ना तपासणी. खाणीत नेण्याआधी चेन मोकळी करायची म्हणून याच बायकांनी ती घमेल्यांनी काढून कुंपणामागे टाकली. पुढच्या पावसाळ्यात त्या ढिगावर एक काटेरी वेल उगवली. तिचे नाव आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. शेळी तिला तोंड लावत नाही. वर्षभरात ती कुंपण ओलांडून कलाबाईच्या वांग्यांत शिरली.

मी रीतसर दरखास्त लिहिली. कलाबाई वेल मुळासकट उपटून, पोत्यात घालून कचेरीत गेली. तिथल्या माणसाने पोत्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, ही वेल कोणत्या खात्यात येते ते आधी ठरू द्या."

वर्ष उलटले. ठरते आहे!

* * *

सुरक्षेचा नियम म्हणून पोलादी टोकांचे बूट आले. सहा जोड. सगळे दहा नंबरचे! मागवणाऱ्याने कामगार म्हणजे पुरुष असे गृहीत धरले होते.

कलाबाईने एका बुटात दोन्ही पाय घालून दाखवले. "हा बूट नोय, सर, डोंगा होय. पैनगंगेत सोडा."

कंपनीला छायाचित्र हवे होते. सहा जणी बूट घालून एका रांगेत उभ्या राहिल्या. हलल्या असत्या तर पडल्या असत्या. छायाचित्र गेले. 'सुरक्षेचे पूर्ण पालन' असा शेरा आला. बूट खोक्यात परत गेले आणि बायका अनवाणी पायांनी पाण्यात उतरल्या.

* * *

एजन्सीचा एक माणूस आधीच येऊन बसला होता. त्याच्या खिशात धुण्याचे प्रमाणपत्र होते. होय, धुण्याचे! हैदराबादला दोन दिवसांचा वर्ग असतो. त्याने मोठ्या दाबाच्या पाण्याचा पंप आणला आणि चेनीवर असा फवारा मारला की आम्ही सारे मागे सरलो. यंत्र वरून लखलखले.

कलाबाई चेनीपाशी वाकली. तिच्याजवळ सायकलच्या चाकाची एक तार होती, टोकाला ठोकून चपटी केलेली. दोन कड्यांच्या सांध्यात ती तार घालून तिने फिरवली आणि काळ्या मातीची वळकटी बाहेर काढली. मग दुसरी. मग तिसरी. दाबाच्या पाण्याने माती बाहेर काढली नव्हती; आत ठासली होती. पाहता पाहता शेजारी ठेवलेले ताट भरले.

तिने ते ताट त्या माणसासमोर धरले. "घ्या, साहेब. तुमचा परसाद!"

तो शांतपणे म्हणाला, "अम्मा, ये काउंट नहीं होता. पंप चलने के बाद का मट्टी हमारे फॉर्म में नहीं है."

चेनीत असे दोनशेवर सांधे होते. बायकांनी एकूण एक तारेने कोरला. सत्तावीस दिवस! त्यांतल्या चोवीस दिवशी तो माणूस खुर्चीवर बसून होता. उरलेले तीन दिवस तो रजेवर होता.

* * *

तपासणी व्हिडिओ कॉलवर झाली. तिकडची सकाळ गाठायची म्हणून आमच्याकडे पहाटेच सगळे यार्डात. माधवच्या डोक्यावर पांढरे हेल्मेट. मोबाइल धरायला संघमित्रा, यार्डातली कागदपत्रे पाहणारी मुलगी. शिकलेली, नेमकी, आणि माझ्यापेक्षा चांगले इंग्रजी बोलणारी. बायकांना माधवने शेडमागे बसवले. "व्हिडिओत गर्दी दिसाले नको," तो म्हणाला. सत्तावीस दिवस ज्या धुत होत्या, त्या गर्दी!

पण एक अडचण राहिली. सखूबाई तेव्हा यंत्राच्या पोटात होती. शेवटचा हात फिरवायला शिरली होती आणि कॉल आधीच लागला. नियम असा की परवान्याशिवाय यंत्राच्या आत माणूस जाऊ शकत नाही. म्हणजे कागदोपत्री आत कुणीच गेलेले नव्हते. मग ते पोट आतून धुतले कुणी, हा प्रश्न नियमाला पडत नाही.

"आत्याबाई, हालू नोका!" संघमित्रा कुजबुजली.

परदेशी तपासनीस मोठा बारकाईचा होता. त्याला यंत्राचे पोट पाहायचे होते. संघमित्राने झडपेतून मोबाइल आत धरला. आत काळोख. इतक्यात आतून बॅटरीचा उजेड पडला. तो म्हणेल तो कोपरा उजळू लागला. 'डावीकडे' म्हटले की डावीकडे, 'वर' म्हटले की वर. संघमित्रा हळूच मराठीत सांगत होती आणि उजेड सरकत होता. सखूबाई कुठेही दिसली नाही, बोटसुद्धा नाही.

पाऊण तासाने तपासनीस समाधानाने म्हणाला, "आजवर पाहिलेल्यांत ही सर्वांत चांगली लाइटिंग अरेंजमेंट आहे."

माधव म्हणाला, "थँक्यू, सर."

सखूबाई बाहेर आली तेव्हा तिचे गुडघे सरळ होत नव्हते. मी तिला साहेबांचे शब्द मराठीत सांगितले. तिने मान हलवली. "हाव. पन अरेंजमेंटले च्या पाजा आता."

* * *

मग लाकडाचे निघाले. यंत्राखाली घालायच्या ओंडक्यांत कीड नको, म्हणून ते भट्टीत तापवून त्यांवर ठप्पा मारलेला असावा लागतो. तसे ओंडके आणले होते आणि कटर त्यांवर बसवलेही होते. तेवढ्यात जहाज कंपनीचा एजंट आला. त्याला ठप्पा पाहायचा होता. ठप्पा खालच्या बाजूला!

आमचा ट्रेलरवाला यादगिरी करीमनगरकडचा. दहा वर्षे सीमेवरच्या मराठी हमालांत काढलेला, पण बोलतो आपल्याच दखनी हिंदीत. तो म्हणाला, "साब, ठप्पा देखने को पन्नास टन उठाऊं? उठाया तो क्रेन का फिर से परमिशन. परमिशन आते तक तुमारा जहाज जाता."

एजंट विचारात पडला. मग त्याने आवारात पडलेला एक सुटा ओंडका पाहिला. त्यावर ठप्पा स्वच्छ दिसत होता. त्याने त्याचे छायाचित्र घेतले, 'ठीक' म्हणाला आणि निघून गेला. तो ओंडका त्या यंत्राचा नव्हता. कुठल्याच यंत्राचा नव्हता. बायका त्यावर बसून भाकर खात.

यादगिरीने मला विचारले, "सर, तुम पढ़े-लिखे हैं. ये जांच हुई क्या?"

मी म्हणालो, "कागदावर झाली."

"तो फिर कागज को ही जहाज में बिठा देते थे ना!"

* * *

आता ज्यासाठी हे सारे सांगतो आहे, तिथे येतो.

व्हिडिओ तपासणी पार पडून तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी दुपारी कटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निघायचे होते. सखूबाई आदल्याच दिवशी बहिणीच्या बाळंतपणासाठी मुधोळला गेली होती. बाकीच्या पाच जणी न्हाऊन, धुवट लुगडी नेसून आल्या. कलाबाईच्या हातात परात होती.

"सत्तावीस दिवस हिच्या अंगाखांद्यावर खेळलो आमी," ती म्हणाली. "समुद्रापल्याड चालली. रिकाम्या ओटीनं कशी धाडाची?"

आणि त्यांनी कटरची ओटी भरली! चालकाच्या बैठकीवर खण अंथरला. त्यावर नारळ, दोन सुपाऱ्या, हळकुंड, आणि हळदीत रंगवलेले तांदूळ. पाच जणींच्या पाच मुठी. दोघींनी पाठवणीचे गाणे म्हटले. तिसरीला खरेच रडू आले. संघमित्राच्या घरी हे विधी पाळत नाहीत. ती कलाबाईला म्हणाली, "मावशी, मी कुंकू लावनार नाही. पण परात धरतो." आणि तिने परात धरली.

गाडीची, मोटेची, जात्याची पाठवणी मी नोंदवलेली आहे. पण परदेशी यंत्राला लेक मानून केलेली पाठवणी मला प्रथमच आढळत होती. मी वही काढून उतरवून घेत होतो.

आणि आता ऐका. निषिद्ध वस्तूंच्या यादीचे भाषांतर मीच केले होते. 'बी, धान्य' हे शब्द फळ्यावर माझ्याच अक्षरात होते. त्याच फळ्याला पाठ टेकून मी पाच मुठी मोजल्या!

आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. ज्या बायकांनी सांध्या-सांध्यातून मातीचा कण काढला, त्यांच्या नाही, कागदाचा स्वल्पविराम न सोडणाऱ्या संघमित्राच्या नाही, माझ्या नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आम्ही विसरलो नव्हतो. ओटीतला तांदूळ घाण असू शकतो, ही कल्पनाच आमच्या डोक्यांत शिरण्याजोगी नव्हती.

प्लॅस्टिक गुंडाळले गेले. सील लागले. यादगिरीने तीनदा हॉर्न वाजवला आणि ट्रेलर आदिलाबादच्या दिशेने गेला.

* * *

दोन महिन्यांनी अहवाल आला. अनेक पानांचा, रंगीत छायाचित्रांसह. पहिल्याच पानावर लिहिले होते की चेन, पोट, सांधे, कुठेही मातीचा कण आढळला नाही. वापरलेले यंत्र इतके स्वच्छ क्वचितच येते. हे श्रेय एजन्सीच्या नावावर होते. कारण प्रमाणपत्र तिच्याकडे होते.

दुसऱ्या पानावर आमची ओटी. सुपारीशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र. खाली नोंद: 'पिवळे रंगवलेले धान्य. दोन कठीण बिया. वाळलेले एक मूळ. एक मोठे केसाळ फळ. उद्देश अज्ञात.' सारे जाळून टाकले होते. यंत्र सोडून दिले होते.

तिसऱ्या पानावर एक नमुना भरून मागितला होता. या वस्तू ठेवणाऱ्या व्यक्तींची नावे लिहा. त्या व्यक्तींना कंपनीच्या यंत्रांना यापुढे हात लावता येणार नाही. धुण्याचे काम एजन्सी पाहील. इतर कामगार तिच्या हाताखाली राहू शकतात.

सत्तावीस दिवसांच्या मेहनतीच्या कागदांत या बायकांचे नाव कुठे नव्हते. मी शोधले. छायाचित्रात बूट होते, व्हिडिओत उजेड होता, नाव नव्हते. आता प्रथमच कुणी त्यांची नावे विचारत होते!

माधव वाईट माणूस नाही. त्याने मला बाजूला घेतले. "मामा, एकच नाव देऊ. कलाबाईचं. बाकीच्यायचं काम तरी राहीन."

कलाबाईने ते ऐकले. "द्या ना. ओटी मीच आनली होती. पन पुरं लिवा, सर. कलावती नागोराव शेंडे, राहनार गुडीहत्नूर. सत्तावीस दिवस धुतलं, हेबी लिवा."

"रकाना फक्त नावाचा आहे, कलाबाई."

"मंग नाव मोठ्यानं लिवा."

मी लिहिले. दुसरी पुढे आली, "एक मूठ माही होती." तिचे लिहिले. तिसरी पुढे सरली. तिने माझ्या हातातले पेन घेतले आणि एकेक अक्षर जुळवत आपले नाव स्वतः काढले. चौथी आली. पाचवी आली. माधव डोके धरून बसला होता.

मी म्हणालो, "माझेही नाव घाल. मी तिथेच उभा होतो. मला कळायला हवे होते."

"मामा, तुमी कामगार नोय. तुमच्यासाठी रकाना नाई."

कलाबाई म्हणाली, "आन् तुमचं नाव कायले, सर? तुमचं तं पुस्तकायवर असतेच."

मी पेनाला टोपण लावले. तेवढ्यात बाहेर दुसरे यंत्र धूत असलेली सखूबाई ओल्या हातांनीच आत आली. कुणीतरी तिला सांगितले असावे.

माधवला हायसे वाटले. "सखूबाई, तुमी त्या दिवशी मुधोळले होत्या. तुमचा संबंध नाई. तुमचं काम पक्कं हाय."

सखूबाईने कागदाकडे पाहिले. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.

"पाच काऊन?"

"पाच जणीच होत्या ना ओटीले."

"म्या नाई इचारलं ओटीले कोन होतं," ती म्हणाली. "ह्या कटरवर आमी कितीजनी होतो?"



तिने पदराला हात पुसले आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "काढा टोपन, सर. सखूबाई दत्तूराव शेंडे. आन् खालतं नोका लिवू. थोरली हाय मी. कलीच्या वरतं लिवा!"